नकाशात नसलेले पाणी

वसईच्या किनारपट्टीवरील वाड्यांतून हिंडत असता केळी, नारळ, पानवेली आणि फुलझाडे यांच्या दाट सावलीत मधूनच गोड्या पाण्याचे एखादे लहानसे तळे दृष्टीस पडते. तेथील लोक त्याला बावखल म्हणतात. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आणि पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, अशा तीन बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या भूमीत विहिरी गोड राखावयाच्या, तर पावसाचे पाणी जमिनीतच मुरवून ठेवले पाहिजे आणि त्याच्या भाराने खाऱ्या पाण्याला थोपवून धरले पाहिजे, हे ज्ञान येथील शेतकऱ्याने कोणत्याही ग्रंथावाचून संपादन केले आणि पिढ्यानपिढ्या बावखले खोदून, त्यांवर रहाट बसवून आचरणात आणले. परंतु नगररचनेच्या नकाशावर हे बावखल बहुधा नसते. तेथे असतो तो केवळ एक रंग. आणि हरित विभागाचा रंग पुसून रहिवास विभागाचा रंग भरला गेला, की त्या जमिनीचे, तिच्यातील पाण्याचे आणि त्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे भवितव्य ठरून जाते.

मुंबईची वस्ती रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकत विरारपर्यंत येऊन भिडली, तेव्हा या पट्ट्यावर बांधकामाचा ताण पडणे अपरिहार्यच होते. १९८८ मध्ये राज्य शासनाने तोवर हरित राखलेले येथील विस्तीर्ण क्षेत्र बांधकामास खुले केले, आणि १९९० मध्ये या उपप्रदेशाच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे सोपविले. या धोरणाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीच्या निशाणाखाली जी चळवळ उभी राहिली, तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. त्या वेळी ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते; पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. या चळवळीचे मोठेपण केवळ मोर्चांत नव्हते. नव्या इमारतींना नळाचे पाणी पुरत नव्हते. म्हणून वाड्यांतील विहिरी उपसून टँकर भरले जात होते, आणि गोड्या पाण्याचा उपसा मर्यादेबाहेर गेला की त्याची जागा घ्यावयास खारे पाणी आत शिरते, हे शेतकऱ्याला आपल्या वाडीतील कोमेजत्या झाडांवरून कळत होते. घराची मंजुरी देण्यापूर्वी त्या घराच्या पाण्याचा हिशेब मांडा, ही अगदी साधी मागणी या लोकांनी सरकारदरबारी नेली, आणि आमच्या मते हाच या चळवळीचा खरा वारसा होय.

ही मागणी कोठे आणि केव्हा मांडावयाची, हे मात्र सामान्य ग्रामस्थाला क्वचितच ठाऊक असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या विषयातील मूळ कायदा. त्याच्या कलम २६ अन्वये विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, की राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना निघते आणि त्या दिवसापासून ३० दिवसांच्या मुदतीत कोणाही व्यक्तीस लेखी हरकत वा सूचना दाखल करता येते. त्यानंतर कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी मसुदा शासनाच्या मंजुरीस जातो. प्रादेशिक योजनेत बदल करावयाचा असेल, तरी कलम २० प्रमाणे लोकांच्या हरकती मागविणे शासनास बंधनकारक आहे. या पायरीचे महत्त्व यासाठी अधिक, की जमीन एकदा रहिवास विभागात गेली म्हणजे पुढील बांधकाम परवानगी हा मालक आणि प्राधिकरण यांच्यातील व्यवहार होतो. शेजारच्या वाडीवाल्यास, ज्याची विहीर आटणार आहे, त्यास कोणी विचारीत नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनेही गृहबांधणीचे प्रकल्प आणि नगरवसाहती यांना जनसुनावणीच्या अटीतून मुक्त ठेवले आहे. म्हणजे धरणाला वा खाणीला विरोध करणाऱ्या गावाला जी जाहीर सुनावणी मिळते, ती शेकडो घरांच्या वसाहतीखाली जाणाऱ्या गावाला मिळत नाही. त्याच्या पदरी पडतात ते हे ३० दिवसच.

अशा मुदतीत 'आमचा या योजनेस तीव्र विरोध आहे' एवढेच लिहून शेकडो सह्या गोळा केल्या जातात. त्यामागील भावना आम्ही अत्यंत आदरणीय मानतो. परंतु दप्तरात अशा अर्जांचा बहुधा एकच गठ्ठा होतो आणि एका ओळीत त्याचा निकाल लागतो. जिची दखल टाळता येत नाही अशी हरकत निराळी असते. तिच्यात मौजे आणि गट क्रमांक असतो, सातबाराचा उतारा आणि मोजणीचा नकाशा जोडलेला असतो. पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोणत्या नाल्याने खाडीला मिळते, कोणत्या जमिनीवर किती दिवस उभे राहते, उन्हाळ्यात विहिरीचे पाणी किती हात खाली जाते, हे छायाचित्रांसह सांगितलेले असते. गुरचरणाची जमीन असेल, तर सार्वजनिक वापराच्या जमिनींचे रक्षण करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी दिलेल्या निर्णयाचा आणि त्यापाठोपाठ निघालेल्या राज्य शासनाच्या निर्णयाचा आधार घेता येतो. ग्रामसभेचा ठराव जोडावा, सुनावणीची संधी लेखी मागावी आणि अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्यावी; कारण पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली, तर तेथे ही पोच हाच पहिला पुरावा ठरतो.

अशी हरकत घेणाऱ्यांना प्रगतीचे वैरी ठरविले जाते. हा आरोप आम्हांस अन्यायाचा वाटतो. मुंबईत काबाडकष्ट करणाऱ्या माणसाला परवडणारे घर हवे, हे कोणताही सहृदय मनुष्य नाकारणार नाही, आणि गावातील मुलांनाही लग्नानंतर वेगळी चूल मांडावयास जागा लागतेच. वाद घराविषयी नसून घराच्या जागेविषयी आहे. सखल जमीन भराव टाकून उंच केली, तर तिच्यावरचे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या दारात जाते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर दिवसचे दिवस पाण्याखाली राहिला, वीज गेली, रेल्वे थांबली. त्याचे तात्कालिक कारण अतिवृष्टी हे असले, तरी त्या संकटाची झळ नव्या इमारतींत कर्ज काढून राहावयास आलेल्या कुटुंबांनीही सोसली. गावाची हरकत ऐकली जाणे हे या नव्या रहिवाशाच्याही हिताचे असते.

'हरकत' हा मूळचा अरबी शब्द. त्या भाषेत त्याचा अर्थ हालचाल, गती असा आहे. मराठीत येऊन त्याला अडथळ्याचा अर्थ प्राप्त झाला. परंतु वसईच्या अनुभवाकडे पाहिले, म्हणजे मूळचा अर्थही त्यात जिवंत असल्याचे प्रत्ययास येते. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या नव्या प्रादेशिक योजनेचा मसुदा निघाला, तेव्हा याच वाड्यांतून हजारोंच्या संख्येने हरकती दाखल झाल्या. पहिल्या चळवळीला तोवर पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. तरी अर्ज कोठे द्यावा, त्यात काय लिहावे, हे सांगणारी माणसे प्रत्येक गावात होती.

म्हणून ज्या गावांवर आज अशी कोणतीही योजना आलेली नाही, त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सूचना निघाल्यावर ३० दिवसांत गावाला आपली भूमी ओळखता येत नाही; ती ओळख आधीच लेखी असावी लागते. येत्या वैशाखात, पाणी तळाला गेलेले असताना, गावातील जाणत्या वृद्धांना आणि शाळेतील मुलांना बरोबर घेऊन शिवार फिरावे. प्रत्येक विहीर, तळे, ओढा, पायवाट आणि गुरचरण यांची गट क्रमांकासह यादी करावी आणि ती ग्रामसभेत वाचून ठरावासह दप्तरी दाखल करावी. ज्या बावखलाची नोंद कोठेच नाही, ते भरले गेल्यावर तेथे कधी पाणी होते, हे सिद्ध करावयास कोणताही कागद उरत नाही.