कापसाच्या भावातून आला ‘मटका’. काय आहे आकड्याचे गणित?

नांदेड, लातूरमध्ये मटका अड्ड्यावर छापा, ही बातमी नेहमीची. पण हा आकडा मूळचा कापसाचा. न्यूयॉर्क कापूस बाजाराच्या ओपन-क्लोज भावांवर मुंबईत सट्टा लागायचा. पुढे १९६० च्या दशकात कल्याणजी भगत, रतन खत्री यांनी स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. चिठ्ठ्या मडक्यातून निघायच्या, म्हणून ‘मटका’.

गणित काय?
एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहात एक, मोबदला साधारण नऊपट. दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर १००-१०० रुपये लावले, तर जिंकणाऱ्याला ९००. उरलेले १०० चालकाचे. रोज खेळणारा शेवटी तोट्यातच.

कायदा काय सांगतो?
राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. आकडा लागूनही पैसे बुडवले, तर कोर्टात दाद नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करारच रद्दबातल ठरतो.