रत्नागिरी जिंकली, गहुंज्यात

रत्नागिरी जेट्सने महाराष्ट्र प्रीमियर लीगचं विजेतेपद पटकावलं, तेही कोकणात एकही सामना न खेळता. अंतिम सामन्यात तर त्यांना बॅटही हातात घ्यावी लागली नाही. ही जून २०२३ची गोष्ट. नगरकरांनी ती नीट वाचण्याचं कारण असं, की लीग भरवणाऱ्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रोहित पवार हे कर्जत-जामखेडचे आमदार. लीगच्या सहा संघांत मात्र नगरचं नाव नव्हतं.

अमेरिकेत मायनर लीग बेसबॉलचे १२० संघ आहेत, मेजर लीगच्या प्रत्येक क्लबमागे चार. त्यातल्या छोट्या शहरांतल्या संघांनाही आपलं मैदान आणि आपला ठरलेला प्रेक्षक असतो. खेळाडूंचा पगार वरचा क्लब देतो. आपल्याकडची रीत वेगळी: आधी बोली, मग जिल्ह्याचं नाव, आणि सगळे सामने पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर.

सहा संघांची मिळून बोली ५७.८ कोटींवर गेली. सगळ्यात महाग ठरला पुणेरी बाप्पा, १४.८ कोटी, घेणारे प्रवीण मसालेवाले. रत्नागिरी गेली जेटसिंथेसिसकडे. ‘सचिन सागा’ हा मोबाइलवरचा क्रिकेटचा खेळ याच कंपनीचा.

६ जूनला पुण्यात खेळाडूंचा लिलाव झाला. आयपीएलचे आकडे ऐकून सरावलेल्या कानांना इथले भाव गमतीचे वाटतील. मूळ किंमत ६० हजार, ४० हजार किंवा २० हजार. एका संघाची थैली २० लाखांची. त्यात कोल्हापूर टस्कर्सने एकट्या नौशाद शेखसाठी ६ लाख मोजले! पण जिल्हा पातळीवर स्वतःच्या पैशाने किट घेऊन एसटीने हिंडणाऱ्या पोराला २० हजार म्हणजे काय, हे त्याच्या घरी विचारावं.

लिलावानंतर नवव्या दिवशी स्पर्धा सुरू. एवढ्या घाईत संघ कसले बांधले जाणार, अशी शंका रास्त होती. पहिल्याच सामन्यात ऋतुराज गायकवाडने २७ चेंडूंत ६४ धावा ठोकून पुण्याला जिंकून दिलं. तरी हंगाम खरा गाजवला तो सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने. ईगल नाशिक टायटन्सकडून पुण्याविरुद्ध त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या, १३ षटकारांसह. मग चार बळी घेतले आणि नाशिकने सामना एका धावेने मारला. त्याच डिसेंबरात लखनौने त्याला २० लाखांना आयपीएलमध्ये घेतलं. अशी लीग कशासाठी, याचं याहून रोकडं उत्तर सापडणं कठीण.

रत्नागिरीकडे असा चमकता तारा नव्हता. अष्टपैलू अझीम काझी कर्णधार, सोबत दिव्यांग हिंगणेकर, निखिल नाईक, विजय पवळे, प्रदीप दाढे ही राज्य संघाची घासूनपुसून तयार झालेली मंडळी. त्यांनी गुणतक्त्यात पहिलं स्थान मिळवलं आणि तेच कामी आलं. अंतिम सामन्यात कोल्हापूर १६ षटकांत ८ बाद ८० असं अडखळत असताना पाऊस आला; राखीव दिवशीही थांबला नाही. जूनअखेर मावळात स्पर्धा ठेवल्यावर दुसरं काय होणार? नियमाप्रमाणे तक्त्यातला पहिला विजेता ठरला. हे जिंकणं उसनं आहे, असं कुणी म्हणालं असेल तर पुढच्या वर्षी रत्नागिरीने अंतिम सामन्यात नाशिकला २४ धावांनी हरवून हिशेब मिटवला.

नगर जिल्ह्याने देशाला श्रीरामपूरचा झहीर खान दिला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेला अजिंक्य रहाणे दिला. दोघेही घडले मुंबईच्या बाजूला. लीगमध्ये नावं बदलतात, म्हणजे जागा कायमच्या अडलेल्या नाहीत. २०२४मध्ये सोलापूर जाऊन रायगड आलं, २०२५मध्ये साताऱ्याचा संघ उतरला. अहिल्यानगरच्या नावावर बोली लावणारा उद्योजक मात्र तोवर पुढे आलेला नव्हता.