प्रतिकारशक्तीची समजूत काढणाऱ्या पेशी

अस्थिमज्जेतल्या मेसेनकायमल मूलपेशी म्हणजे झिजलेल्या अवयवांचे सुटे भाग, हा समज अर्धाच खरा आहे. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी तयार होते. पण शिरेतून दिल्यावर त्यातल्या बहुतेक फुप्फुसात अडकून थोड्याच दिवसांत मरतात. मग गुण येतो कशाने? प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या संदेशरेणूची चाहूल लागताच या मूलपेशी एक विकर बनवतात. ते भोवतालचे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल फस्त करते आणि त्यावाचून टी-पेशींची वाढ खुंटते. प्रत्यारोपित पेशींनी शरीरावरच हल्ला चढवल्याने अत्यवस्थ झालेला 9 वर्षांचा मुलगा आईच्या मूलपेशींनी सावरल्याची नोंद स्वीडिश डॉक्टरांनी 2004 मध्ये केली.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पुढच्या चाचण्यांचे निकालही संमिश्रच आले. पण दाता आणि दाह बदलला की या पेशींचे वागणे बदलते. म्हणून त्यांना मिळणारे संदेश समजून घ्यायला हवेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने दाखवले, की इंटरल्युकिन-3 या संदेशरेणूमुळे या पेशींचे स्थलांतर वाढते आणि संधिवाताच्या उंदरांत दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशीही वाढतात. तेव्हा ‘स्टेम सेल’ची सुई टोचून घेण्याआधी त्या उपचाराला मान्यता आहे की ती नोंदणीकृत चाचणी आहे, हे विचारावेच.