चांदीच्या रस्त्यावरचे हॉटेल

रसायनशास्त्राच्या पुस्तकातले शब्द एखाद्या शहराच्या नकाशावर वाचायला मिळाले तर? ऑस्ट्रेलियात सिडनीपासून सुमारे १,१०० किलोमीटर पश्चिमेला ब्रोकन हिल नावाचे खाणींचे शहर आहे. तेथील रस्त्यांची नावे आहेत ऑक्साइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, सल्फाइड. मुख्य रस्ता ‘अर्जेंट’, म्हणजे चांदीचा. या अर्जेंट आणि सल्फाइड रस्त्यांच्या कोपऱ्यावर ‘पॅलेस हॉटेल’ ही जुनी तीन मजली इमारत उभी आहे. तिचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी जमिनीखाली डोकवावे लागते.

वरचे आणि खालचे खनिज

१८८३ साली चार्ल्स रास्प या मेंढ्यांच्या कुरणावरील कामगाराला येथील काळ्या खडकात धातू असावा असे वाटले. त्याला ते कथिल वाटले होते; निघाले चांदी, शिसे आणि जस्त. १८८५ मध्ये खाणकंपनी स्थापन झाली.

खनिजाचा मूळ साठा सल्फाइडांचा. परंतु जमिनीलगतच्या भागात पावसाचे पाणी व हवेतील ऑक्सिजन झिरपत राहतात. त्यामुळे सल्फाइडांचे हळूहळू ऑक्सिडीभवन होते. कोरड्या प्रदेशातील भूजलात क्षार अधिक असल्याने चांदीची क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड अशी संयुगेही तयार होतात. हे वरचे खनिज चांदीने समृद्ध आणि भट्टीत वितळवायला सोपे. त्यामुळे सुरुवातीची वर्षे भरभराटीची गेली. त्याच भरात, १८८९ साली, हे हॉटेल बांधले गेले.

दारू न विकणारे हॉटेल

आरंभी त्याचे नाव होते ‘कॉफी पॅलेस’. त्या काळी ऑस्ट्रेलियात मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती. दारूच्या गुत्त्याला पर्याय म्हणून राहण्याजेवणाची उत्तम सोय असलेली, पण दारू न विकणारी अशी भव्य ‘कॉफी पॅलेसेस’ अनेक शहरांत उभी राहिली. खाणकामगारांच्या गावात हा बेत काही चालला नाही. १८९२ मध्ये इमारतीला दारूविक्रीचा परवाना मिळाला आणि तिचे ‘पॅलेस हॉटेल’ झाले.

व्हरांड्याचे शास्त्र

या इमारतीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे मजल्यांवरील रुंद व्हरांडे आणि त्यांचे बिडाचे नक्षीदार कठडे. (‘व्हरांडा’ हा शब्द इंग्रजीत गेला तो भारतातूनच.) एकदा साचा तयार केला की बिडाचे हवे तितके सारखे तुकडे ओतता येतात, म्हणून ही नक्षी त्या काळी लोकप्रिय झाली.

व्हरांडा केवळ शोभेचा नाही. ब्रोकन हिल सुमारे ३२ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. म्हणून ऊन भिंतीपर्यंत पोचूच न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८१ अंश वर असतो. तेव्हा थोडेसे छतही पुरते. सकाळ-संध्याकाळचे ऊन मात्र तिरपे येते. त्यासाठी व्हरांडा रुंद हवा.

सल्फाइडचे कोडे

खाणी खोल गेल्या तसे वरचे सोपे खनिज संपत आले. खालच्या सल्फाइडांत शिसे व जस्त इतके एकमेकांत मिसळलेले होते की जस्त नीट वेगळे करता येईना. ते टाकाऊ भुकटीच्या ढिगांत जाऊ लागले. या कोड्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभी याच गावात आकाराला आले. ते म्हणजे फेनतरण. खनिजाची भुकटी पाण्यात ढवळून बुडबुडे निर्माण करतात. योग्य रसायन किंवा तेल वापरल्यास सल्फाइडाचे कण पाण्याने भिजत नाहीत. ते बुडबुड्याला चिकटून फेसासह वर येतात. भिजणारी माती तळाशी बसते. जड कण तरंगतात, हलके बुडतात! आज जगभर ही पद्धत वापरतात.

समृद्धीची किंमत

भट्ट्या व खाणींसाठी भोवतालची झाडे तोडली गेली आणि गावावर धुळीची वादळे येऊ लागली. १९३६ पासून कुंपण घालून झाडोरा पुन्हा वाढवण्यात आला. शिसे मात्र मातीत राहिले. मुले जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात आणि शिसे शरीरात जाते. शिशाचा वाढत्या मेंदूवर दुष्परिणाम होतो, म्हणून तेथील लहान मुलांच्या रक्ताची आजही तपासणी करतात. २०१५ मध्ये संपूर्ण शहर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसायादीत आले. त्या वारशात हॉटेलाची नक्षी आहे, तशीच ही धूळही आहे.

वर्गात फेनतरण शिकवताना या गावाचा नकाशा फळ्यावर जरूर काढावा. शाळेच्या व्हरांड्याची रुंदी मोजून, कोणत्या वेळी ऊन भिंतीला टेकते याची नोंद विद्यार्थ्यांना महिनाभर ठेवू द्यावी. सूर्याची उंची आणि सावलीची लांबी यांचे नाते त्यांना आपोआप उमगेल.