दाव्याचा खर्च कोणी सोसावा?

‘खर्चासह दावा मंजूर’ हे शब्द कानी पडले की, वकिलाच्या फीसकट सारा पैसा आता समोरचा भरणार, असे आपल्यापैकी बहुतेकांस वाटते. तसे घडत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम ३५ प्रमाणे खर्च कोणी, कोणत्या मालमत्तेतून व किती द्यावा हे कोर्ट ठरविते. साधारण रीत हरणाऱ्याने द्यावा अशी आहे. निराळे करावयाचे तर न्यायाधीशांस कारणे लेखी द्यावी लागतात. परंतु हुकूमनाम्यातील खर्चात कोर्ट-फी, समन्सचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता धरतात आणि वकिलाची फी बहुधा ठरीव प्रमाणानेच. अशिलाने प्रत्यक्ष मोजलेली रक्कम पुष्कळदा तिच्या कितीतरी पट असते. तो फरक जिंकणाऱ्याच्याच अंगावर! दावा जाणूनबुजून खोटा असला तरी कलम ३५-अ ची भरपाई ३,००० रुपयांपुढे जात नाही. खर्च वास्तवाला धरून असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितले खरे.

विलायतेत नियम हाच, पण त्याची धार निराळी. १९०७ च्या काँग्रेसमध्ये सुरतेने ज्यांना पाहिले त्या लोकमान्य टिळकांनी पुढे ‘इंडियन अनरेस्ट’मधील मजकुराबद्दल चिरोलसाहेबांवर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा केला. १९१९ साली निकाल विरुद्ध गेला, आणि आपल्या वकिलांच्या फीबरोबर प्रतिपक्षाचा खर्चही टिळकांवर पडला. तो भागविण्यासाठी लोकांना निधी जमवावा लागला.

आपल्यासारख्या संस्थांनी ‘कोणत्या मालमत्तेतून’ हे शब्द विशेष लक्षात ठेवावेत. संस्थेची जागा कोणी बळकावली, तर ती सोडविण्याचा वाजवी खर्च निधीतून करणे रास्तच. पण अध्यक्ष कोण, सही कोणाची, अशा आपसांतील भांडणात दोन्ही बाजूंनी मुलांच्या शिष्यवृत्तीच्या पैशातून वकील द्यावेत काय? असा खर्च विश्वस्तांनी स्वतःच्या खिशातून द्यावा, असा हुकूम कोर्ट करू शकते. गैरवाजवी खर्च अहवालात नोंदविणे हे हिशेबतपासनिसाचेही कर्तव्यच आहे.

घरगुती वादात सापडलेल्या भगिनींस एक माहिती उपयोगी पडेल. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रियांस उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. आणि कोर्टात चालू असलेला दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटला, तर भरलेली कोर्ट-फी परत मिळते.