पार्श्वभूमी आधी प्रकाशात सुधारा

अहिल्यानगर असो वा संगमनेर, स्टुडिओत नव्याने काम शिकणारा मुलगा पार्श्वभूमी बदलायची म्हटली की थेट फोटोशॉप उघडतो. माझ्या मते सुरुवात तिथे नको, मागच्या पडद्यापाशी हवी. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दिवा चेहऱ्यापासून 1 मीटरवर आणि पडदा चेहऱ्यामागे 1 मीटरवर असेल, तर पडद्यावर चेहऱ्याच्या एक चतुर्थांश उजेड पडतो. पडदा 2 मीटर मागे सरकवला, की जेमतेम एक नवमांश. म्हणजे तोच पांढरा पडदा राखाडी होतो, सावलीही मागे विरते. हे संपादनच आहे, फक्त माउसशिवाय.

आता मोबाइल क्षणात पार्श्वभूमी काढतो, मग हे कशाला, असे कोणी विचारेल. पण केसांच्या कडेच्या पिक्सेलमध्ये केस आणि पडदा यांचे रंग मिसळलेले असतात. तिथे सॉफ्टवेअर अंदाज बांधते. म्हणूनच हिरव्या पडद्यापुढची नवरी नव्या पार्श्वभूमीवर हिरवट कडेची दिसते आणि फेट्याचा तुरा कापला जातो. स्टुडिओ अरुंद असला की पडदा मागे सरकवता येत नाही, ही अडचण मात्र खरी. तिथे दिवा बाजूला वळवा, पडद्याकडे जाणारा उजेड काळ्या पुठ्ठ्याने अडवा. फोटोशॉपमध्ये पार्श्वभूमी वेगळी करणारा मास्क शिकाच, पण आधी पडदा हलवून दहा फोटो काढून पाहा.