सोयाबीनच्या मुलुखातून इथेनॉलचा हिशेब

माळव्यातील देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नर्मदेकडे उतरत जाणाऱ्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात सतवास हे तहसिलीचे गाव आहे. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू-हरभरा यांवर तेथील शेतकऱ्याचा प्रपंच चालतो. उसाचे मळे, साखर कारखाने आणि त्यांच्या आसवन्या ही कोल्हापूर-सांगलीकडची मिरास. त्यामुळे पेट्रोलात मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलशी माळव्याच्या शेतकऱ्याचा संबंध पंपावर टाकी भरण्यापुरताच, असा समज सहजच होतो. आपल्या शेतात इंधन पिकेल आणि परदेशी तेलाची गरज उरणार नाही, हा याहून मोठा समजही सर्वत्र रुजलेला आहे. हे दोन्ही समज वस्तुस्थितीस धरून नाहीत.

पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नव्हे. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच, १९४८ साली, ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा झाला होता, पुढे २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेली येथे प्रायोगिक मिश्रण सुरू झाले, आणि २०१३-१४ पर्यंत जेमतेम दीड टक्क्यावर रेंगाळलेले हे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. ही कामगिरी मोठी आहे, यात संशय नाही. तथापि वीस टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर जाणे म्हणजे त्याच वाटेने आणखी काही मजल मारणे, असे मानणाऱ्यांनी ऊर्जेचा हिशेब मांडलेला नसतो.

एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलात सुमारे २१. म्हणजे एका लिटर पेट्रोलाचे काम करण्यास दीड लिटर इथेनॉल लागते. देशात २०२३-२४ मध्ये सुमारे ३ कोटी ७२ लाख टन, म्हणजे ५,००० कोटी लिटरांच्या आसपास पेट्रोल खपले. त्या सर्वांची जागा घ्यावयाची तर सुमारे ७,५०० कोटी लिटर इथेनॉल हवे. एक टन मक्यापासून ३८० लिटर मिळते असे धरल्यास त्यासाठी वीस कोटी टनांच्या घरात मका लागेल, आणि त्या वर्षीचे देशाचे मक्याचे सारे उत्पन्न होते पावणेचार कोटी टनांच्या आसपास. आजच्या उताऱ्याने एवढा मका काढण्यासाठी देशातील निव्वळ पेरणीखालच्या जमिनीपैकी सुमारे चाळीस टक्के जमीन त्या एकाच पिकास द्यावी लागेल. शिवाय सतवासचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी ज्यावर चालतात त्या डिझेलचा खप वजनाने पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे, आणि डिझेलात इथेनॉल सहजासहजी एकजीव होत नाही.

ब्राझीलचा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो. तेथे १९७५ पासून हा कार्यक्रम चालू आहे, आणि चिपाड जाळून भट्टी पेटत असल्याने खर्चलेल्या ऊर्जेच्या कितीतरी पट ऊर्जा हाती येते; परंतु लोकसंख्या आपल्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी, जमीन मुबलक, आणि तरीही पेट्रोल तेथून हद्दपार झालेले नाही. इथेनॉल बनविण्यास त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा लागते, हा उलट दिशेचा आक्षेपही आता टिकत नाही. मक्याच्या बाबतीत लाभ तुटपुंजा खरा, पण तो आहे.

पंपावर पाणी मिसळून देतात, हा आरोप पावसाळ्यात गावोगाव ऐकू येतो. काचेच्या मापात वीस टक्के मिश्रणाचे शंभर मिलिलीटर पेट्रोल घेऊन त्यात दहा मिलिलीटर पाणी घातले आणि हलवून स्थिर ठेवले, तर तळाशी दहाऐवजी तीस मिलिलीटरांच्या आसपास थर जमतो, कारण इथेनॉल पेट्रोलास सोडून पाण्याच्या आश्रयास जाते. म्हणजे टाकीत झिरपलेले पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की तळाशी जमलेला थर प्रत्यक्ष पाण्याहून बराच मोठा दिसतो. लबाडी कोठे होतच नसेल असे मी म्हणत नाही. परंतु टाकीचे झाकण आणि पंपाची भूमिगत टाकी यांची निगा पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे राखणे आता भाग आहे. इथेनॉलमुळे लिटरमागे गाडी निम्मेच अंतर धावते हीही अतिशयोक्ती होय. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या घडणीच्या चारचाकीस सहा ते सात टक्के आणि दुचाकीस तीन ते चार टक्के घट अंदाजलेली आहे.

इथेनॉल केवळ टाकाऊ मळीतून निघते, हा समज मात्र सतवासच्या अंगणापर्यंत येऊन भिडतो. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर उसाचा रस आणि धान्य यांना मुभा मिळाली. पाऊस उणा पडताच डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसावर निर्बंध आले, आणि आसवन्यांची भिस्त मुख्यतः मक्यावर गेली. एक टन मका आसवनीत गेला की इथेनॉल काढून झाल्यावर सुमारे तीनशे किलो प्रथिनयुक्त चोथा उरतो. व्यापारी त्यास डीडीजीएस म्हणतात. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात तो सोयाबीनच्या पेंडीची जागा घेतो, आणि पेंडीचा उठाव मंदावला की इंदूर-देवासच्या तेलगिरण्या सोयाबीनची बोली खाली आणतात. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असता मंड्यांतील भाव त्याच्या बरेच खाली राहिला. त्यास स्वस्त आयात तेल आणि जगातील मुबलक पीक हीही कारणे होती, पण मक्याच्या चोथ्याचा वाटा नाकारता येत नाही. खनिज तेलाची आयात घटविण्याच्या खटपटीत तेलबियांचे क्षेत्र उणावले, तर ज्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आपण आधीच बाहेरून आणतो त्याचे बिल वाढणार, हे कोणत्याही हिशेबनीसास कळण्यासारखे आहे.

मग सतवासकरांनीही मकाच पेरावा, हा सल्ला सोपा वाटतो. २०२५ च्या खरिपात देशभर तसे घडलेही. मक्याचे क्षेत्र वाढले, सोयाबीनचे घटले. परंतु मक्याचा हमीभाव २,४०० रुपये ठरलेला असता कित्येक मंड्यांत भाव त्याच्या खाली घसरले. मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर सरकारने लिटरला ७१ रुपये ८६ पैसे असा बांधून दिला आहे आणि तेल कंपन्या त्या दराने ते उचलतात. त्याच मक्याचा धनी मात्र मंडीच्या लिलावात उघड्यावर उभा राहतो. आसवनीस दराची हमी देणाऱ्या सरकारने तीच हमी तिला मका पुरविणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत नेली पाहिजे. ते घडेपर्यंत सतवासच्या शेतकऱ्याने इथेनॉलच्या भरवशावर सोयाबीन मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.